एका कार्यकाळापुरती खासदारकी : बेळगाव आणि चिकोडीतील महिलांचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील बेळगाव आणि चिकोडी या दोन मतदारसंघांतून आजवर तीनच महिला लोकसभेवर गेल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही अद्याप तीच जागा दुसऱ्यांदा जिंकता आलेली नाही.

पहिल्या रत्नमाला सवणूर. १९६७ पासून सलग सात वेळा चिकोडी जिंकणाऱ्या बी. शंकरानंद यांना जनता दलाच्या या उमेदवाराने १९९६ मध्ये हरवले आणि त्या देवेगौडा मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या. त्याच सरकारने महिला आरक्षणाचे विधेयक पहिल्यांदा लोकसभेत मांडले. पण ते मंजूर होण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली आणि १९९८ मध्ये चिकोडीची जागा रमेश जिगजिणगी यांच्याकडे गेली.

पुढची महिला खासदार मिळायला २०२१ साल उजाडले. मधल्या काळात, २०१४ मध्ये, लक्ष्मी हेब्बाळकर बेळगावातून लढून हरल्या होत्या. २००४ पासून चार वेळा निवडून आलेले सुरेश अंगडी कोरोनाने गेल्यानंतर भाजपने त्यांच्या पत्नी मंगला अंगडी यांना पोटनिवडणुकीत उभे केले. पतीने २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ९१ हजारांच्या आघाडीने जिंकलेली जागा त्यांनी जेमतेम ५,२४० मतांनी राखली. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळके यांना याच निवडणुकीत १ लाख १७ हजारांवर मते मिळाली होती. तीन वर्षांनी पक्षाने उमेदवारी जगदीश शेट्टर यांना दिली. घरातल्या मृत्यूमुळे चालून आलेली उमेदवारी स्वतःच्या बळावर टिकवायला तीन वर्षे अपुरीच होती, असे मला वाटते.

२०२४ मध्ये चिकोडीतून प्रियांका जारकीहोळी वयाच्या २७ व्या वर्षी विजयी झाल्या, त्याही मंत्री सतीश जारकीहोळी यांच्या कन्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. त्यांची पात्रता मी नाकारत नाही. पण आठ विधानसभा क्षेत्रांत पसरलेला मतदारसंघ सांभाळायला साखर कारखाने, सहकारी संस्था आणि कार्यकर्त्यांचे जे जाळे लागते, त्याच्या नाड्या बहुतांशी पुरुषांच्या हाती असल्याने घराण्याबाहेरच्या स्त्रीला तिथवर पोहोचणे फार अवघड जाते.

खानापूर तालुका याच जिल्ह्यात असला तरी लोकसभेसाठी उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. २०१८ मध्ये आमदार झालेल्या अंजली निंबाळकर यांनी २०२३ मध्ये ती जागा गमावली आणि २०२४ मध्ये लोकसभेलाही त्यांचा पराभव झाला.

कर्नाटकच्या पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत, मात्र राखीव प्रभाग बदलत राहत असल्याने निवडून आलेल्या सदस्येला पुढच्या वेळी तोच प्रभाग मिळेल याची खात्री नसते. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत एक तृतीयांश जागा राखीव केल्या असल्या, तरी त्याही मतदारसंघांच्या प्रत्येक पुढील पुनर्रचनेनंतर फिरत्या ठेवल्या आहेत.