राग ओळखता आला नाही तर आवड खोटी?

‘ज्याला राग ओळखता येत नाही, त्याला शास्त्रीय संगीताची खरी आवड नाही’ असं वर्षानुवर्षं फिरत आलंय. तसं नाही.

राग ओळखणं सरावाने येतं, आणि ते अवघडच आहे. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या: दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूपात भर गंधारावर (ग), देशकारात धैवतावर (ध). हे शिकल्यावर ऐकणं आणखी खुलतं, जरूर शिका. पण ओढ आधीची असते.

पडताळा घरीच घ्या. तीनतालातली बंदिश (रागात बांधलेली रचना) लावा, तालाच्या सोळा मात्रा, म्हणजे ठोके, मोजू नका. तालाच्या दोन-चार आवर्तनांनंतर, म्हणजे फेऱ्यांनंतर, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की मान आपसूक हलते. माझ्या आजीला तालाचं नावही ठाऊक नव्हतं. मेथी निवडताना तिचा हात समेला बरोब्बर थांबायचा.