डोळ्याची झोप आणि एका आम्लाच्या नावाचा घोळ

शिरोळपासून मिरज-तासगावपर्यंतच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर दोन दिवसांत काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना, म्हणजे फूट निघते त्या कळ्यांना, पेस्टिंग होतं, म्हणजे औषधाचा लेप लागतो. त्या औषधाला बरेच जण ‘फुटव्याचं हार्मोन’ म्हणतात. ते हार्मोन नव्हे. ते आहे हायड्रोजन सायनामाइड. ते डोळ्यातल्या कॅटालेज या विकराला अडवतं, पेशींवर ताण येतो आणि त्या ताणातून डोळा जागा होतो. म्हणून तर डोळा कापसल्यावर, म्हणजे फुगून कापसासारखा दिसू लागल्यावर, लावलं की तो जळतो. खरी संप्रेरकं (हार्मोन्स) झाडाच्या आतच असतात, आणि त्यांतल्या डोळ्याच्या झोपेशी निगडित अ‍ॅब्सिसिक आम्लाचं नावच दिशाभूल करणारं आहे.

थंड देशांतली झाडं बर्फ पडण्याआधीच वाढ थांबवतात हे जुनं निरीक्षण. दिवस आखूड झाला की हा इशारा मिळतो, हे 1920च्या सुमारास स्पष्ट झालं. पुढे 1949 मध्ये अ‍ॅश झाडाच्या डोळ्यांत आणि बटाट्याच्या सालीत वाढ रोखणारी द्रव्यं सापडली. ती नेमकी कोणती, हे कळायला आणखी चौदा-पंधरा वर्षं लागली.

1960च्या दशकात दोन गट वेगवेगळ्या वाटांनी एकाच द्रव्यापाशी पोचले. एक गट कापसाची कोवळी बोंडं का गळतात हे शोधत होता. 225 किलो बोंडांतून त्यांच्या हाती जेमतेम 9 मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य लागलं. त्याला त्यांनी गळतीवरून (इंग्रजीत ‘अ‍ॅब्सिशन’) ‘अ‍ॅब्सिसिन’ म्हटलं. दुसरा गट सायकॅमोर झाडाच्या पानांतून झोपेचं द्रव्य काढत होता. त्यांनी झोपेवरून (इंग्रजीत ‘डॉर्मन्सी’) नाव दिलं ‘डॉर्मिन’. 1965 मध्ये दोन्ही रेणू एकच निघाले. 1967च्या परिषदेत तडजोड होऊन ‘अ‍ॅब्सिसिक आम्ल’ हे नाव पक्कं झालं. गळतीने झोपेवर मात केली.

हा निर्णय चुकला असं स्पष्ट म्हणावं लागेल. पानं-फळं गळण्यामागचा मुख्य सूत्रधार इथिलीन हे वायुरूप संप्रेरक आहे हे नंतर सिद्ध झालं. या आम्लाचा गळतीशी संबंध बहुतांशी आडवाटेचा. पाणी तुटलं की पर्णरंध्रं मिटवणं, बी कच्चं असताना उगवू न देणं आणि डोळा झोपवणं, ही त्याची खरी कामं. मराठी पुस्तकांत त्याचं भाषांतर ‘गळसंप्रेरक’च्या अंगाने झालं की विद्यार्थी कायमचा चुकतो. झोपेची बाजू मात्र काही काळ डळमळीतही होती. 1970च्या दशकात आखूड दिवसांतल्या झाडांत हे आम्ल वाढलेलं दिसेना, तेव्हा ‘झोपेचं संप्रेरक’ ही कल्पनाच सोडून द्यावी असं मत बळावलं. 2018 मध्ये अ‍ॅस्पेन झाडावर झालेल्या कामाने ती परत आणली: या आम्लाला प्रतिसाद न देणाऱ्या झाडांत शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कॅलोज या साखरेपासून बनलेल्या द्रव्याच्या बुचांनी बंद होत नाहीत, आणि डोळा टिकाऊ झोपेत जात नाही. पुढे कित्येक आठवड्यांची थंडी ही बुचं काढते, जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं, आणि डोळा फुटण्याजोगा होतो.

आपल्याकडे ‘सुप्तावस्था’ हा एकच शब्द तीन अवस्थांना लावला जातो. शेंडा दाबतो म्हणून बाजूचा डोळा गप्प राहणं वेगळं, पाणी वा ऊब नाही म्हणून थांबणं वेगळं, आणि सगळं अनुकूल असूनही न फुटणं वेगळं. पन्हाळ्याच्या रस्त्यावरची सावर जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण असते, पण त्याचं मूळ कोरडेपणात आहे. द्राक्षाच्या काडीवर मुख्यतः पहिला प्रकार असतो.

तिसऱ्या प्रकारातून बाहेर पडायला 7 अंशांखालच्या थंडीचे तास लागतात. कोल्हापुरात ऐन थंडीत किमान तापमान सरासरी 14-15 अंशांच्या आसपास राहतं, वर्षभरात दिवसाच्या लांबीत जेमतेम दोन तासांचा फरक पडतो. त्यामुळे इथे ‘अण्णा’ किंवा ‘डोर्सेट गोल्डन’ ही कमी थंडी लागणारी सफरचंदं लावणाऱ्याने थंडीची वाट पाहू नये. जावा बेटावरच्या सफरचंदाच्या बागांत फळं उतरल्यावर महिन्याभरात पानं हाताने ओरबाडतात, म्हणजे डोळा खोल झोपेत जाण्याआधीच फुटतो आणि वर्षाला दोन बहर मिळतात. हे ओरबाडणं लांबलं, की डोळा आत मिटतो आणि नंतरची छाटणी त्याला उठवत नाही.