भाषाशास्त्रज्ञाची वाट : कड्यांपासून शिट्ट्यांपर्यंत

भाषाशास्त्रज्ञ भटकायला निघाला की त्याची यादी चारचौघांपेक्षा वेगळी असते. ही यादी सुरू झाली ती कुणालाच न वाचता येणाऱ्या दगडांपासून. १७९९मध्ये इजिप्तमधल्या रशीदजवळ फ्रेंच सैनिकांना रोझेटा शिळा सापडली. एकच राजाज्ञा चित्रलिपी, डेमोटिक (इजिप्तची रोजच्या व्यवहारातली लिपी) आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत होती, आणि तिच्या आधाराने १८२२मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने चित्रलिपीची उकल केली. शिळा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्याभोवतीच्या गर्दीत अक्षरांपेक्षा पाठीच जास्त दिसतात. शांपोलियोंच्या जन्मगावी, फ्रान्समधल्या फिजाकमध्ये, तिची अवाढव्य प्रतिकृती चौकात जमिनीवरच आहे आणि तिच्यावरून चालता येतं. निवांत बघायचं तर फिजाकच बरं.

इराणमधला बेहिस्तूनचा शिलालेख मात्र कुणाला उचलून नेणं शक्यच नव्हतं. पर्शियन सम्राट पहिल्या दारियसने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या कड्यावर आपला पराक्रम प्राचीन पर्शियन, एलामी आणि बॅबिलोनी भाषांत कोरून घेतला, तोही इतक्या उंचावर की खालून एक अक्षर लागत नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी हेन्री रॉलिन्सनने १८३५पासून अरुंद कपारीवर शिडी टेकवून मजकूर उतरवायला घेतला. बॅबिलोनी भाग त्याच्याही आवाक्याबाहेर राहिला. अखेर १८४७मध्ये एक कुर्द मुलगा खडकाच्या फटींत खुंट्या ठोकत पलीकडे गेला आणि त्याने अक्षरांवर ओला कागद दाबून ठसे घेतले. बॅबिलोनी कीलाक्षरांच्या, म्हणजे खिळ्यासारख्या खुणांच्या लिपीच्या, वाचनाला या ठशांचा मोठा आधार मिळाला. रॉलिन्सन इतिहासात गेला. मुलाचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही.

भाषांची नाती शोधण्याचा नाद त्याआधीच लागला होता. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६मध्ये कोलकात्यात मांडलं. त्याची कबर तिथल्याच साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे.

विसाव्या शतकात यादीत निराळीच ठिकाणं आली. ढाक्याचा शहीद मिनार २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बांगला भाषेसाठी गोळ्या झेललेल्यांचा आहे; त्याच तारखेला आता जगभर मातृभाषा दिन पाळतात. आणि ला गोमेरा या स्पॅनिश बेटावर तर बघण्यापेक्षा ऐकायलाच जावं. तिथे स्पॅनिश बोलणं शिट्टीतून दऱ्यांपलीकडे पोचवतात. फोन आणि रस्ते आल्यावर ही शिट्टी मागे पडू लागली, तेव्हा १९९९मध्ये ती शाळांत सक्तीची झाली. युनेस्कोची मान्यता आली ती त्यानंतर, २००९मध्ये.