शिक्षकांचे प्रशिक्षण : दिवस ठरत गेले, विषय कोण ठरवणार?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. हे तास कशाने भरायचे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही.

खेड्यातल्या शाळेचा शिक्षक कसा असावा, हे महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढील निवेदनात सांगितले होते. तो प्रशिक्षित असावा, शेतकरी वर्गातून आलेला असावा, वेळ पडली तर नांगर धरायला लाजणारा नसावा. पगारही त्यांनी सुचवला, महिना बारा रुपयांपेक्षा कमी नको. प्रशिक्षण, शिक्षकाचे गावाशी नाते आणि त्याचे वेतन या तीन गोष्टी फुल्यांनी एकाच दमात मांडल्या होत्या. पुढच्या बहुतेक योजनांनी त्यातली पहिलीच उचलली, असे मला वाटते.

सेवेत असलेल्या शिक्षकाने शिकत राहावे, हा विचार ठळकपणे आला तो 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगात, म्हणजे देशाच्या शिक्षण आयोगात. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतून खेड्यातल्या शाळा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. दर पाच वर्षांच्या सेवेत दोन-तीन महिने प्रशिक्षण मिळावे, अशी आयोगाची शिफारस होती. त्याहून मोलाची होती ती शाळासमूहाची कल्पना. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातल्या प्राथमिक शाळा जोडायच्या, शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहायचे, साहित्य वाटून घ्यायचे. एकशिक्षकी शाळेतल्या माणसाचे एकटेपण ज्याने पाहिले आहे, त्याला या कल्पनेची किंमत लगेच कळते.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, आल्या. 1994 मध्ये महाराष्ट्रात केंद्रप्रमुखाचे पद आले. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि तिथे दरमहा शिक्षकांची बैठक, ही रचना शाळासमूहाच्या खूप जवळची होती. त्याच सुमारास मराठवाड्यातल्या पाच जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला.

2001 नंतर सर्व शिक्षा अभियानाने वर्षाला 20 दिवसांचे सेवांतर्गत प्रशिक्षण धरले, त्यासाठी निधीही दिला. पण विषय वरून येत. राज्यस्तरावर साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षण देणारे, तयार होत, त्या जिल्ह्याला शिकवत, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पोचेपर्यंत मूळ गाभा झिजलेला असे. चौथीतल्या ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, त्याच्याबद्दल त्याच्या शिक्षकाला कोणी विचारतच नसे. हजेरीपट मात्र पूर्ण असे. केंद्रप्रमुखाचा दिवसही माहिती गोळा करून वर पाठवण्यात जाऊ लागला.

म्हणूनच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाचे, काम वेगळे ठरले. तिथे शिक्षकांनी एका विस्तार अधिकाऱ्याच्या साथीने ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून ज्ञान घडवण्याची पद्धत, आपापल्या वर्गात वापरून पाहिला. फरशीवरच्या आखण्या, मणी, काड्या, गटात बसलेली मुले, हे सगळे चालू वर्गात पाहता येत होते. राज्यभरातून शिक्षक तिथे येऊ लागले. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि सरसकट प्रशिक्षणाऐवजी शिक्षकाच्या मागणीनुसार प्रशिक्षण द्यावे, असा सूर लागला. माझ्या मते हे सर्वात योग्य वळण होते. पुढे अनेक शाळांच्या फरशा रंगल्या. मुलाचे अडते कुठे हे शोधण्याची सवय मात्र त्या वेगाने पसरली नाही.

2017 मध्ये ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शैक्षणिक साहित्याचे व्यासपीठ आले, 2019 मध्ये ‘निष्ठा’ हा केंद्राचा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम. करोनाकाळात ‘निष्ठा’ही ऑनलाइन झाले. दुर्गम पाड्यावरच्या शिक्षकाला घरबसल्या साहित्य मिळाले, हा मोठा लाभ. दुसरीकडे, सेवेच्या 12 आणि 24 वर्षांनंतरची वेतनश्रेणी प्रशिक्षणाशी जोडलेली असल्याने प्रमाणपत्राचे वजन वाढलेलेच होते.

2020 च्या धोरणाने कोठारी आयोगाचा हवाला देत शाळासमूहाची कल्पना पुन्हा मांडली. पण महाराष्ट्रात 2023 मध्ये ‘समूह शाळा’ हा शब्द आला तो 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या प्रस्तावातून. त्यामुळे आज ‘समूह’ म्हटले की वाडीवरच्या शिक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती आपली शाळा राहणार का, ही. आयोगाच्या शाळासमूहात प्रत्येक शाळा आपल्या जागीच होती. जायचे-यायचे होते ते शिक्षकांनी.