‘आधी नोकरी, मग लग्न, मग फिरा’ : सीमाभागातल्या एका समजाचा खुलासा

खानापूर असो की निपाणी, घरात पोराने फिरायचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: ‘आधी मिळव, मग फीर. फिरणं पैसेवाल्यांचं काम.’ यातला पैशाचा भाग निदान आपल्याकडे तरी खरा नाही.

मुलींचंच घ्या. 11 जून 2023 पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना आहे. राज्याचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवलं की परिवहनच्या साध्या बसला तिकीट शून्य. ही सवलत राज्यातल्या प्रवासासाठी, आणि एसी-स्लीपरला ती नाही. पण बदामी, विजापूर, हम्पी, थेट म्हैसूरही साध्या बसने गाड्या बदलत गाठता येतं. वाटेत श्रवणबेळगोळला उतरून गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा जुना मराठी शिलालेख वाचावा. मराठी माणसाने तो शाळेच्या पुस्तकातच का पाहावा?

मुलांना रेल्वे. बेळगावहून दिल्लीला जाणारी गोवा एक्सप्रेस भोपाळ, आग्र्यावरून जाते. 1000 किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर वाटेत दोनदा थांबता येतं, पहिला थांबा 500 किलोमीटरनंतर. म्हणजे पुणे बसत नाही, भोपाळ बसतं. फक्त पुढच्या टप्प्याचं आरक्षण तिकीट काढतानाच सांगून करायचं आणि उतरल्यावर स्टेशनात तिकिटावर नोंद करून घ्यायची.

‘लग्नानंतर निवांत फिरू’ म्हणणाऱ्यांनी थोरल्या भावाला विचारावं: हप्ते, पोरांची शाळा, मोजकी रजा. स्टेशनच्या बाकावर रात्र काढायची तयारी तेव्हा कुणाची असते?