एबोनाइट की अ‍ॅक्रिलिक? पाइपचा काळा स्टेम ओळखावा कसा, जपावा कसा

तंबाखू ओढायचा स्वस्तातला पाइप घेताना सगळ्यांचं लक्ष बाउलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) लाकडावर असतं. दातांत धरायचा असतो तो मात्र स्टेम, म्हणजे तोंडाकडची नळी, आणि दुकानात तो बहुतेक वेळा नुसता ‘काळा’ दिसतो. हा काळा रंग दोन वेगळ्या पदार्थांचा असू शकतो. एबोनाइट (व्हल्कनाइटही म्हणतात) म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. अमेरिकेत नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक. नवे असताना दोन्ही सारखेच चकाकतात, पण एकाला मानवणारी साफसफाई दुसऱ्याला बाधते.

ओळखायची खात्रीची रीत नाकाची. स्टेम अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात चोळून लगेच हुंगा. रबराचा, किंचित गंधकाचा वास आला तर एबोनाइट. अ‍ॅक्रिलिकला असा वास येत नाही, दाताला ते टणक लागतं आणि नखाने टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो. जुन्या स्टेमवर हिरवट-तपकिरी झाक असेल तर हुंगायचीही गरज नाही, ते एबोनाइटच. रंगावर मात्र विसंबू नका: ‘कंबरलँड’ नावाचा लालसर-तपकिरी रेघांचा स्टेम शोभेच्या प्लास्टिकसारखा दिसतो, पण असतो एबोनाइटचा. मक्याच्या कणसाच्या स्वस्त पाइपांना साधा प्लास्टिकचा स्टेम येतो. त्याची निगा अ‍ॅक्रिलिकसारखीच घ्यावी.

एबोनाइट मऊ असतं, दातांना सुखावतं, म्हणून पाइप तोंडात धरून कामं करणारे त्यालाच पसंती देतात. त्याचं दुखणं एकच. ऊन, हवा आणि लाळ यांमुळे पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडेशन होतं, रंग उतरतो आणि चव कडवट होते. अ‍ॅक्रिलिकवर असा थर चढत नाही. पण ते ठिसूळ. फरशीवर पडलं तर बहुधा कुसवापाशी (शँकमध्ये, म्हणजे बाउलला जोडलेल्या लाकडी नळीत, शिरणाऱ्या टोकापाशी) तुटतं.

रोजची निगा दोन्हींची सारखी. पाइप गरम असताना स्टेम कधीच काढू नका. तापलेल्या लाकडात कुसू अडकलेलं असतं आणि ओढाताणीत शँकला चीर जाते. तंबाखू ओढून झाल्यावर स्टेम न काढता पाइप क्लीनर (धागे गुंडाळलेली लवचिक तार) आरपार घाला, पाइप पूर्ण गार होऊ द्या, मग स्टेम एकाच दिशेने फिरवत बाहेर काढा. (स्वच्छ पाइप म्हणजे निर्धोक पाइप नव्हे. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच.)

इथून पुढे वाटा वेगळ्या. एबोनाइटची आतली नळी रम किंवा व्होडकात भिजवलेल्या क्लीनरने पुसली तर चालते. अ‍ॅक्रिलिकला कडक स्पिरिट जास्त वेळ लागलं तर केसासारखे बारीक तडे जातात. त्याला कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. हेच कोमट पाणी एबोनाइटवर ओतलंत तर दडलेलं ऑक्सिडेशन वर येऊन स्टेम मळकट दिसू लागतो. एबोनाइट कोरड्या फडक्याने पुसा, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा अगदी पातळ हात द्या आणि खिडकीपासून लांब ठेवा.

हिरवट थर काढायचा तर ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. थर जातो, पण पृष्ठभाग खडबडीत होतो. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करा, मग ६००, १०००, २०००, प्रत्येक वेळी पेपर ओला ठेवून. शेवटी गाडीचं पॉलिश. स्टेमवर कंपनीचा शिक्का असेल तर त्या जागेला पेपर लावू नका. शँकजवळची कड घासताना मध्ये प्लास्टिकची चकती धरा. नाहीतर कड गोल होते आणि सांध्यात कायमची फट दिसते.

दातांच्या खुणांत एबोनाइटची बाजू वरचढ. नळीत क्लीनर ठेवून फक्त टोक उकळून उतरवलेल्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरलं, तर दबलेला भाग बराचसा फुगून वर येतो. थर चढतो तो मागाहून घासायचाच. अ‍ॅक्रिलिकची खूण अशी उठत नाही; ती घासून सपाट करायची किंवा भरायची. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून टोकाला रबरी टोपी घाला.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लाकूड दमट होऊन स्टेम घट्ट बसतो. कुसू घासून बारीक करू नका. हवा कोरडी झाली की ते ढिलं पडेल. मऊ पेन्सिलीचं शिसं कुसवावर चोळलं की काम भागतं.

खरेदीत आमचं मत सरळ आहे. डागडुजीची हौस असेल तर जुना, हिरवट पडलेला एबोनाइटचा पाइप घ्या. रूप गेल्यामुळे किंमत पडलेली असते आणि खराबी वरच्या पापुद्र्यापुरतीच असते. हौस नसेल तर नवा अ‍ॅक्रिलिकचा. पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा: स्टेम जोडलेला असताना क्लीनर बाउलपर्यंत न अडता जातो का, उजेडासमोर धरल्यावर सांध्यात फट दिसते का, आणि ओठांजवळच्या उंचवट्यामागे दाताने पडलेलं भोक आहे का. भोक असेल तर सौदा सोडा. नवा स्टेम बसवायचा खर्च स्वस्त पाइपच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो.