शोदोशिमा

शोदोशिमा : जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातील एक बेट. कागावा प्रांतात समाविष्ट. क्षेत्रफळ सु. 153 चौ. किमी.; आवाजीखालोखाल या समुद्रातील सर्वांत मोठे. पश्चिमेस तोनोशो व पूर्वेस शोदोशिमा अशी दोन नगरे. सर्वोच्च शिखर होशिगाजो (817 मी.). पायथ्याशी ग्रॅनाइट व माथ्याकडे जुन्या ज्वालामुखींचे खडक, अशी भूरचना. बेटाला पूल नाही आणि विमानतळही नाही. ताकामात्सुहून तोनोशोला फेरीबोट तासाभरात येते; ओकायामा, हिमेजी, कोबे या होन्शूवरील बंदरांतूनही बोटी आहेत. बेटावरील बसगाड्या विरळ असल्याने एका दिवसात सगळे उरकू पाहणारा प्रवासी बहुधा थांब्यावरच दिवस घालवतो. दोन-तीन रात्री मुक्काम करून, एका गावात एक वेळ जेवून पुढे सरकणे हीच येथील रूढ रीत. सोया सॉस, सोमेन शेवया, ऑलिव्ह आणि त्सुकुदानी (सॉस-साखरेत आटवलेले तोंडीलावणे) ही बेटाची चार ख्यात उत्पादने.

नाव : बेटाच्या नावातील पहिल्या दोन चिन्हांचा अर्थ ‘लहान दाणा’. हीच चिन्हे मूग-चवळीच्या प्रजातीतील ‘अझुकी’ या लाल कडधान्यासाठी लिहितात. कोजिकी (712) या ग्रंथात इझानागी व इझानामी या आदिदेवतांनी जन्म दिलेल्या बेटांत ‘अझुकीशिमा’ येते व त्याला ओनोदेहिमे असे स्त्रीवाचक दुसरे नाव दिलेले आहे. निहोन शोकी (720) या ग्रंथात सम्राट ओजिन आवाजीवर शिकारीला गेला असता पुढे या बेटावर आल्याचा उल्लेख असून, तेथील एका गीतात आवाजी व अझुकी या दोन बेटांची जोडी ‘बघण्याजोगी’ म्हणून गायिली आहे. गीतातले शब्द उच्चारानुसार लिहिलेले असल्याने जुना उच्चार ‘अझुकी’ होता, याबद्दल शंका उरत नाही. ‘शोदो’ हे चिनी वळणाचे वाचन मागाहूनचे, बहुधा मध्ययुगातले. वाद आहे तो अर्थाचा. कडधान्यावरून नाव पडले हे मत चिन्हांवर विसंबते. परंतु चिन्हे उच्चारासाठी नंतर बसवण्याची प्रथा जपानी स्थलनामांत सर्रास आढळते. ‘अझु’ म्हणजे ढासळता कडा, असा जुना शब्द धरून दुसरे मत मांडले जाते. बेटाच्या मध्यभागातील तुटलेले कडे पाहता ते अधिक सयुक्तिक वाटते.

सोया सॉस व त्याच्या उगमाचा प्रश्न : प्रचलित हकीकत अशी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या ओसाका किल्ल्यासाठी दगड काढायला सरदारांची माणसे बेटावर आली. त्यांच्या शिध्यात कीशू प्रांतातील युआसा गावचा सॉस (शोयु) होता. बेटकऱ्यांना त्याची चव लागली, म्हणून ते युआसाला जाऊन कृती शिकून आले. काळ बुनरोकू (1592–96) हा दिला जातो. पर्यटकांसाठीच्या पत्रकांत ही हकीकत जवळजवळ निर्विवाद म्हणून येते.

तीत काही अडचणी आहेत. हिदेयोशीचा किल्ला 1583 मध्ये बांधायला घेतला गेला व 1615 च्या वेढ्यात पडला. त्यानंतरच्या सत्ताधारी तोकुगावा घराण्याने त्याच जागी 1620 ते 1629 या काळात नवा किल्ला उभारला. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर इवातानी येथे ज्या खाणी आज दिसतात, त्या कुरोदा या सरदार घराण्याच्या खुणा असलेल्या व या दुसऱ्या बांधकामाच्या आहेत (1972 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ). म्हणजे दगडांचा भक्कम पुरावा सॉसच्या सांगितलेल्या काळाहून पाव शतक तरी अलीकडचा. शिवाय युआसाचा स्वतःचा धंदाही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातच बाळसे धरू लागला, असे मानतात. तेव्हा 1590 च्या दशकात तो सॉस मजुरांच्या शिध्यापर्यंत पोचला असणे अशक्य नसले तरी घाईचे वाटते. सर्वांत मोठी अडचण मधल्या मोकळ्या काळाची. बेटावरून ओसाकाच्या बाजारात सॉस नियमित जाऊ लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. शिकून आलेली विद्या दोनशे वर्षे घरगुतीच राहिली असे म्हणावे लागते, किंवा शिकण्याचा काळ पुढे ओढावा लागतो.

दुसरे स्पष्टीकरण मिठाचे. बेट पूर्वापार मिठागरांचे. सेतो किनाऱ्यावर इतरत्र मोठी मिठागरे झाली, भाव पडले आणि शिल्लक मिठाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. सॉसला मीठ भरपूर लागते. सोयाबीन व गहू क्यूशूकडून येणाऱ्या गलबतांतून उतरवता येत आणि तयार माल त्याच सागरी मार्गाने ओसाकाला जाई. धंदा म्हणून सॉस या कारणाने वाढला, हे मत प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य मानले आहे. कृती कोणी पहिल्यांदा आणली हा प्रश्न त्याने सुटत नाही. दगडफोड्यांच्या हकीकतीला तेवढी जागा राहतेच.

मेइजी काळात (1868–1912) बेटावर सु. 400 उत्पादक होते असे सांगतात. आज वीसच्या आसपास. 1907 मध्ये स्थापन झालेली मारुकिन ही कंपनी त्यांतील मोठी. तिचे संग्रहालय जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे. उमाकी ते नोमा या पट्ट्यात कोठारांची दाट वस्ती असून तिला ‘हिशिओ नो सातो’ (आंबवणाचे गाव) म्हणतात. भिंतींवर जाळून काळ्या केलेल्या सुगी (जपानी सूचिपर्णी वृक्ष) लाकडाच्या फळ्या असतात. बसमधून उतरताच वास येतो. फलक नंतर दिसतो.

कृतीचा गाभा सर्वत्र सारखा : वाफवलेले सोयाबीन व भाजून भरडलेला गहू यांवर कोजी बुरशी सु. तीन दिवस वाढवतात, मग मिठाचे पाणी घालून तो लगदा (मोरोमी) आंबत ठेवतात. येथील विशेष म्हणजे लाकडी पिंपे. जपानमध्ये सॉस बहुतेक पोलादी टाक्यांत होतो. लाकडी पिंपांतला वाटा अगदी थोडा, आणि शिल्लक पिंपांपैकी फार मोठा भाग या एका बेटावर आहे. सुगीच्या उभ्या फळ्या व बांबूच्या विणलेल्या वेढ्यांचे हे पीप तीस कोकु, म्हणजे सु. 5,400 लिटरांचे, पुरुषभर उंचीहून मोठे असते. सॉसवाले नवे पीप क्वचितच घेत. साके (तांदळाचे मद्य) करणाऱ्यांकडे वीस-तीस वर्षे वापरलेले, जरासे पाझरू लागलेले पीप त्यांना स्वस्तात मिळे. सॉसमधले मीठ फटींत साखळून पाझर बंद करी. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांची पिंपे अजून कामात आहेत. युद्धोत्तर काळात साकेवाले मुलामा दिलेल्या टाक्यांकडे वळल्यावर ही साखळी तुटली आणि मोठी पिंपे करणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. 2012 च्या सुमारास बेटावरील एका उत्पादकाने सुतारांसह ही कला शिकून घेतली व तेव्हापासून दर हिवाळ्यात तेथे नवी पिंपे बांधली जातात.

कोठार पाहायला माळ्यावर चढावे लागते. पिंपांची तोंडे फळ्यांच्या जमिनीच्या पातळीत उघडतात. मधल्या अरुंद फळीवरून चालायचे. तुळया, भिंती, पिंपांच्या कडा यांवर शतकभराची खरबरीत बुरशी जमलेली असते आणि ती कोणी पुसत नाही, कारण यीस्ट व जीवाणूंचा साठा तोच. उन्हाळ्यात मोरोमी इतका जोरात आंबतो की पृष्ठावर फुटणारे बुडबुडे कानांनी ऐकू येतात. नात्तो (आंबवलेले, तारा सुटणारे सोयाबीन) खाऊन येऊ नये, अशी विनंती काही ठिकाणी केली जाते. त्यातील जीवाणू कोजीचे काम बिघडवू शकतो. मोरोमी वर्ष-दोन वर्षांनी कापडात घालून गाळतात. मिठाच्या पाण्याऐवजी तयार सॉसमध्येच पुन्हा आंबवलेला दुहेरी प्रकार (साइशिकोमी) अर्थातच आणखी वेळ घेतो; तो मूळचा यामागुची प्रांतातील यानाईचा. सॉस घातलेले आइस्क्रीम पर्यटकांत लोकप्रिय आहे. त्याची चव खारवलेल्या कॅरॅमलसारखी असते.

सोमेन : गव्हाच्या पिठाच्या बारीक, हाताने ताणलेल्या शेवया. इकेदा गावचा एक यात्रेकरू इसेच्या यात्रेस गेला असता वाटेत यामातोतील मिवा येथे ही कला शिकला व 1598 मध्ये ती बेटावर आली, असे परंपरा सांगते. सॉसच्या हकीकतीशी या कथेचे साम्य लक्षणीय आहे : तेच दशक, तोच दुसऱ्या गावी जाऊन शिकण्याचा प्रसंग. मिवा व बानशू यांच्या जोडीने शोदोशिमाची गणना जपानच्या तीन प्रमुख सोमेनांत होते. आपल्याकडील हातशेवयांशी तुलना पहिल्या पायरीपुरतीच चालते. येथे पिठाचा दोर पीळ देत देत, मध्ये विसावा देत, दिवसभर ताणला जातो आणि तो सुकू नये म्हणून त्यावर तेल चोळतात. इतरत्र सरकीचे तेल वापरतात, येथे तिळाचे. तिळाच्या तेलासाठी प्रसिद्ध असलेली कादोया ही कंपनी 1858 मध्ये या बेटावरच सुरू झाली. शेवटच्या टप्प्यात, दोन दांड्यांवर टांगलेल्या ओलसर तारांत दोन लांब काड्या घालून त्या वरून खाली सरकवत चिकटलेल्या तारा सोडवतात (हाशिवाके). पाहुण्याला हे करू देतात. तारा तुटतात आणि कारागीर काही बोलत नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात अंगणात वाळत घातलेल्या सोमेनचे पडदे पूर्वी इकेदाच्या वाटांवर सर्रास दिसत.

उन्हाळ्यात सोमेन बर्फाच्या पाण्यात व हिवाळ्यात गरम रस्स्यात (न्यूमेन) खातात. दांडीवर वळण घेतलेला जाड भाग ‘फुशी’ म्हणून वेगळा विकतात. आमटीसारख्या पातळ पदार्थात तो अधिक चांगला लागतो. बुडवून खाण्याच्या रसाला बहुधा सुकवलेल्या मासळीचा आधार असतो, तेव्हा शाकाहारी प्रवाशाने आधी विचारून घ्यावे.

ऑलिव्ह : याबाबतीत मात्र वर्ष निश्चित आहे. रशिया-जपान युद्धानंतर उत्तरेकडील समुद्रात मासेमारी वाढली. मासे तेलात डबाबंद करण्यासाठी देशातच ऑलिव्ह तेल हवे, म्हणून कृषी-व्यापार मंत्रालयाने 1908 मध्ये मिए, कागोशिमा व कागावा या तीन प्रांतांत अमेरिकेतून आणलेल्या रोपांची प्रायोगिक लागवड केली. तग धरली ती शोदोशिमावरच. कमी पाऊस व भरपूर ऊन हे कारण देतात. खोड पोखरणाऱ्या एका स्थानिक सोंड्या भुंगेऱ्याचा उपद्रव येथेही होता व आहे. 1959 मध्ये आयात खुली झाल्यावर लागवड घटली, पुढे पर्यटन व आरोग्यविषयक आवडीमुळे पुन्हा वाढली. ऑलिव्ह उद्यानातील पांढरी पवनचक्की हे ग्रीसमधील मिलोस बेटाशी 1989 मध्ये जुळलेल्या भगिनीसंबंधाचे चिन्ह. तेथे झाडू उसना मिळतो व त्यावर उडी मारून लोक छायाचित्र काढतात. हे चेटकिणीवरील एका चित्रपटामुळे. खाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते शिनझुके : ऑक्टोबरात हिरवी फळे खुडून, क्षाराने कडवटपणा काढून, हलक्या मिठाच्या पाण्यात ठेवलेली. फळाचा रंग व करकरीतपणा टिकतो.

त्सुकुदानी हा सॉस व साखरेत आटवलेला, भाताबरोबर तोंडी लावायचा पदार्थ. बेटावर तो 1945 नंतरच्या टंचाईत सुरू झाला. आरंभी समुद्रशैवालाऐवजी रताळ्याचे देठ वापरले जात.

इतर प्रेक्षणीय स्थळे : कांकाकेई दरी मेपलच्या शरद रंगांसाठी प्रसिद्ध (रज्जुमार्ग 1963), हा भाग 1934 मध्ये जाहीर झालेल्या सेतोनाईकाई या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एकात मोडतो. ‘एंजेल रोड’ हा दिवसातून दोनदा ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा दांडा. वेळापत्रक पाहून जावे. तोनोशोतील दोबुची सामुद्रधुनी जेमतेम 9.93 मी. रुंद असून जगातील सर्वांत अरुंद म्हणून गिनीज नोंदीत आहे. ती पुलावरून ओलांडल्याचे प्रमाणपत्र नगरकचेरीत विकत मिळते. जवळच्या गल्ल्यांचा चक्रव्यूह चाच्यांना चकवण्यासाठी रचला म्हणतात. समुद्रवाऱ्यापासून आडोसा हेही कारण संभवते. मुक्तछंदी हायकूकार ओझाकी होसाई (1885–1926) याने अखेरचे महिने याच नगरात काढले. सुबोई साकाए हिची निजूशी नो हितोमी (1952) ही कादंबरी येथील म्हणून ओळखली जाते. वस्तुतः कादंबरीत बेटाचे नाव कोठेच नाही, ती ओळख लेखिकेच्या जन्मस्थळाने व 1954 च्या चित्रपटाने दिली. किल्ल्यासाठी घडवून किनाऱ्यावर आणलेले, पण कधीच न नेलेले चिरे ‘झान्नेन-इशी’ म्हणजे ‘हळहळते दगड’ या नावाने जतन केले आहेत. बेटावरील 88 बौद्ध पवित्र ठिकाणांची पायी यात्रा साधारण आठवडाभराची असते.

नाकायामा येथे डोंगरउतारावर सु. 800 पायऱ्यांची भातशेते आहेत. त्यांच्या पायथ्याच्या देवळात ऑक्टोबरात गावकरी स्वतः काबुकी (पारंपरिक जपानी नाट्य) करतात. शेजारच्या हितोयामा गावी ते मे महिन्यात होते. प्रेक्षक गवतावर चटया टाकून बसतात. प्रत्येक घरून ‘वारिगो’ येतो : एका मोठ्या लाकडी पेटीत तिरक्या कडांचे वीसेक लहान डबे, एकमेकांत नेमके बसवलेले. आत साच्याने पाडलेला भात, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची वळकटी. दोन अंकांच्या मध्ये पेटी उघडते आणि एक डबा शेजारच्या चटईवर बसलेल्या अनोळखी माणसाकडेही सरकवला जातो.